सात दिवसांचा हिशेब

माला-एन किंवा माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. यांतली कोणती गोळी राहून गेली तर सर्वांत महागात पडेल, असे विचारले की बहुतेक जणी मधल्या गोळ्यांकडे बोट दाखवतात. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात दिवस जाण्याची शक्यता जास्त, हे ऐकलेले असते, त्यामुळे हा अंदाज साहजिक आहे. पण उत्तर वेगळे आहे. सर्वांत महागात पडते ती नव्या पाकिटातली पहिली गोळी. मधली एखादी गोळी विसरून दुसऱ्या दिवशी दोन घेणाऱ्या बाईला फारसा धोका नसतो. नवे पाकीट तीन दिवस उशिरा उघडणारी मात्र खऱ्या धोक्यात असते, आणि बहुधा तिला तशी कल्पनाही नसते.

असे का, हे समजले की या गोळीचे निम्मे नियम आपोआप कळतात. हे प्रकरण त्यासाठीच आहे. संयुक्त गर्भनिरोधक गोळी हे नीट घेतल्यास अतिशय भरवशाचे औषध आहे. पण ‘रोज एक घ्या’ एवढ्या तीन शब्दांवर बाईची बोळवण केली जाते आणि पुढे दिवस गेले की दोष तिलाच दिला जातो. हे थांबायला हवे.

गोळी काय करते

‘संयुक्त’ म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन संप्रेरकांची मिळून केलेली गोळी. माला-एन आणि माला-डी या दोन्हींत 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल असते. माला-एन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, माला-डी दुकानात अल्प किमतीत. गोळी तीच.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दर महिन्याला अंडाशयांना इशारा देते आणि त्यातून एक स्त्रीबीज पिकून बाहेर पडते. गोळीतल्या संप्रेरकांमुळे हा इशारा दबतो. अंडाशय शांत राहतात, बीज सुटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव घट्ट होतो, त्यामुळे शुक्रजंतूंना वर जाता येत नाही. मुख्य काम मात्र पहिलेच: बीज सुटू न देणे.

आता हिशेबाचा मुद्दा. अंडाशय पुरते शांत व्हायला सलग सात दिवस गोळी पोटात जावी लागते. एकदा शांत झाले की सात दिवस गोळी नसली तरी ते बीज सोडण्याइतके जागे होत नाहीत. याच आधारावर पाकिटाची रचना केलेली आहे. 21 गोळ्या औषधाच्या आणि उरलेल्या 7, वेगळ्या रंगाच्या, फक्त लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात शरीराला संप्रेरके मिळत नाहीत, गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि अंगावरून जाते. बाई याला पाळी म्हणते, पण ही गोळी थांबल्याने आलेली पाळी असते. म्हणून ती नेहमीपेक्षा कमी जाते आणि कमी दुखते.

म्हणजे दर महिन्याला ते सात दिवस आपण आधीच खर्च केलेले असतात. आठवा, नववा, दहावा दिवस त्यात वाढला की अंडाशय जागे व्हायला लागतात. पहिली गोळी इतकी मोलाची आहे ती यामुळे. दुकानात 21 गोळ्यांचे पाकीट मिळाले तर त्यात लोहाच्या गोळ्या नसतात. तेव्हा सात दिवस मोजून आठव्या दिवशी नवे पाकीट न चुकता उघडायचे. रोज एक गोळी घेण्याची सवय मोडू नये म्हणून 28 गोळ्यांचे पाकीट अनेकींना सोपे जाते. एका पाकिटाची शेवटची गोळी घेण्याआधी पुढचे पाकीट घरात आलेले असावे, हा या गोळीचा सर्वांत उपयोगी नियम आहे.

सुरुवात कधी करावी

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत गोळी सुरू केली तर त्याच दिवसापासून संरक्षण मिळते. दिवस राहिलेले नाहीत अशी खात्री असेल तर इतर कोणत्याही दिवशी सुरू करता येते. मात्र तेव्हा पहिले सात दिवस सोबत निरोध वापरायचा. पुन्हा तोच सात दिवसांचा हिशेब.

वेळ कोणतीही चालते, पण ती ठरलेली असावी. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. पाकिटावरच्या बाणांच्या दिशेने ओळीने गोळ्या काढल्या की आजची घेतली की नाही, हे रिकामा कप्पा बघून कळते. मोबाइलवर रोजचा गजर लावावा. गोळी संबंधांच्या दिवसापुरती घेऊन चालत नाही. नवरा कामासाठी परगावी असला तरी ती रोज घ्यावी लागते. आणि ती गुप्तरोगांपासून किंवा एचआयव्हीपासून वाचवत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

बाळंतिणीचा विचार वेगळा. बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने ही गोळी घेऊ नये. पहिल्या सहा आठवड्यांत तर मुळीच नको, कारण त्या काळात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आधीच वाढलेला असतो. तोवर तांबी आहे. ‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली, संप्रेरके नसलेली गोळीही आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. छाया आणि माला दोन्ही आशाताईंच्याच पिशवीतून येतात, म्हणून दोन्हींच्या वेळापत्रकांची गल्लत होऊ देऊ नये. माला आठवड्यातून दोनदा घेतली तर तिचा काहीही उपयोग नाही.

गोळी राहिली तर

एक गोळी राहिली तर आठवण होताच ती घ्यायची आणि त्या दिवसाची नेहमीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची. एका दिवसात दोन झाल्या तरी हरकत नाही. वेगळे काही करावे लागत नाही.

सलग दोन किंवा अधिक गोळ्या राहिल्या तर राहिलेल्यांपैकी शेवटची एक लगेच घ्यायची, त्याआधीच्या टाकून द्यायच्या आणि रोजचा क्रम चालू ठेवायचा. पुढचे सात दिवस निरोध वापरायचा किंवा संबंध टाळायचे. यापुढे काय करायचे ते आठवड्यावरून ठरते:

- पहिल्या आठवड्यात राहिल्या आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आले असतील, तर तातडीची गर्भनिरोधक गोळी घेण्याचा विचार करावा.
- दुसऱ्या आठवड्यात राहिल्या आणि आधीच्या सात नीट घेतलेल्या असतील, तर तातडीच्या गोळीची गरज सहसा पडत नाही.
- तिसऱ्या आठवड्यात राहिल्या, तर लोहाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. औषधाच्या गोळ्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट उघडायचे. त्या महिन्यात पाळी येणार नाही, त्याने काही बिघडत नाही.
- लोहाची गोळी राहिली तर ती टाकून द्यायची. फक्त नव्या पाकिटाचा दिवस चुकवायचा नाही.

एक उदाहरण घेऊ. एका बाईची लोहाची शेवटची गोळी शनिवारी झाली. रविवारी नवे पाकीट उघडायचे होते, पण ती दिराच्या लग्नासाठी गावी गेलेली आणि पाकीट मुंबईच्या घरी राहिलेले. बुधवारी परत आल्यावर तिने गोळी सुरू केली. तिच्या मते तीनच दिवस चुकले. पण लोहाच्या आठवड्याचे सात आणि हे तीन मिळून दहा दिवस तिच्या शरीराला संप्रेरके मिळालेली नाहीत. तिने आता गोळी चालू ठेवावी, सात दिवस निरोध वापरावा, आणि मधल्या काळात संबंध आले असतील तर तातडीची गोळी घ्यावी. ही 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची एक गोळी असते. ती शक्यतो 72 तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली, कारण ती बीज सुटणे लांबवते. सुटून गेलेल्या बीजावर तिचा उपयोग होत नाही. त्यानंतरही पाळी आली नाही, तर तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी करून घ्यावी. दिवस राहिले आहेत हे न कळता काही दिवस गोळ्या घेतल्या गेल्या तर बाळात व्यंग येते, ही भीती निराधार आहे.

हा सगळा हिशेब नीट पाळला तर वर्षभरात हजारातल्या तिघींनाच दिवस जातात. प्रत्यक्षात जशी घेतली जाते तशी घेतली, म्हणजे विसरत, उशीर करत, पाकीट वेळेवर न मिळता, तर हे प्रमाण शंभरात सुमारे सातवर जाते. दोन्हीकडे औषध एकच आहे. फरक पडतो तो माहितीमुळे आणि पाकीट वेळेवर हाती पडण्यामुळे.

उलटी, जुलाब आणि इतर औषधे

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असे समजून दुसरी घ्यावी. जोराचे जुलाब किंवा उलट्या दोन दिवसांहून अधिक चालल्या तर ते दिवस राहिलेल्या गोळ्यांसारखे धरावेत.

औषधांच्या बाबतीत आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचे नाव रिफॅम्पिसिन. जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत आणि क्षयावरच्या उपचारातले हे मुख्य औषध. त्यामुळे यकृत गोळीतली संप्रेरके इतक्या झपाट्याने निकालात काढते की गोळीचा परिणाम उरत नाही. उपचार संपल्यावरही चार आठवडे ही स्थिती राहते. क्षयाचा उपचार घेणाऱ्या बाईने तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन निवडावे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही फिटवरची औषधेही असाच परिणाम करतात. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटे होते. गोळीमुळे त्या औषधाचीच पातळी घटते आणि फिट येण्याचा धोका वाढतो. सर्दी-तापावर किंवा जखमेसाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी मात्र गोळीचा परिणाम कमी होत नाही.

डॉक्टरांनी कोणतेही औषध लिहून दिले की ‘मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते’ हे एक वाक्य जरूर सांगावे. पुष्कळ जणी लाजेने सांगत नाहीत, आणि पुष्कळ डॉक्टर विचारत नाहीत.

ही गोळी कोणी घेऊ नये

इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. हा या गोळीचा खरा, गंभीर धोका आहे, आणि तो नेमका किती हे प्रत्येकीला माहीत असावे. युरोपीय औषध संस्थेच्या आकड्यांनुसार गोळी न घेणाऱ्या, गर्भवती नसलेल्या 10,000 बायकांपैकी वर्षाला सुमारे दोघींच्या शिरांत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत 5 ते 7 जणींना, आणि ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांमध्ये 9 ते 12 जणींना. म्हणजे महागडी, नवी गोळी अधिक सुरक्षित असतेच असे नाही. या बाबतीत सरकारी दवाखान्यातली मोफत गोळी उजवी आहे. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका या सगळ्यांहून जास्त असतो, हेही लक्षात ठेवावे.

निरोगी तरुण बाईसाठी हा धोका लहान आहे. पण काहींसाठी तो लहान राहत नाही. त्यांनी ही गोळी टाळायची:

- रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असलेल्या
- वय 35 च्या पुढे आणि धूम्रपान करणाऱ्या
- पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झालेल्या, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या
- अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा किंवा आंधळे ठिपके दिसणाऱ्या
- स्तनाचा कर्करोग झालेल्या
- यकृताचा गंभीर आजार असलेल्या
- मधुमेहाने डोळे, मूत्रपिंड किंवा नसांवर परिणाम झालेल्या
- मोठ्या ऑपरेशननंतर बराच काळ अंथरुणावर राहाव्या लागणाऱ्या

मिश्री लावत असाल किंवा तंबाखू खात असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे. गोळी सुरू करण्याआधी आतून तपासणीची किंवा रक्ताच्या ढीगभर चाचण्यांची गरज नसते. रक्तदाब मात्र मोजलाच पाहिजे. दंडाला पट्टा गुंडाळायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मागून घ्यायचा बाईला पूर्ण हक्क आहे.

गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखून दम लागला, कधी नव्हते इतके डोके दुखले, अचानक अंधारी आली किंवा दिसेनासे झाले, बोलताना जीभ अडखळू लागली, पोटात तीव्र कळ आली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि पोचताच गोळी घेत असल्याचे सांगावे.

पहिले तीन महिने

बहुतेक तक्रारी याहून पुष्कळ साध्या असतात: मळमळ, छाती जड होणे, मध्येच डाग दिसणे. पहिल्या तीन महिन्यांत त्या बहुधा मावळतात. डाग दिसतो म्हणून गोळी मध्येच सोडली तर रक्तस्राव वाढतो आणि संरक्षणही जाते. कोणाच्या चेहऱ्यावर वांग येतात, कोणाचे मन उदास होते. असे झाले तर सहन करत बसू नये, गोळी किंवा साधन बदलून घ्यावे. वजन वाढते असा समज सर्वत्र आहे, पण अभ्यासांत तसा ठोस पुरावा सापडलेला नाही.

गोळीने गर्भाशय ‘सुकत’ नाही आणि मूल होण्याची क्षमता जात नाही. गोळी थांबवली की अंडाशय काही आठवड्यांत पुन्हा काम सुरू करतात. मध्ये विश्रांती म्हणून दोन-तीन महिने गोळी बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो, त्याने काहीच साधत नाही. नको असताना दिवस जातात ते अनेकदा याच मधल्या काळात. फायदेही ठोस आहेत. पाळीतल्या वेदना आणि रक्तस्राव कमी होतो, त्यामुळे पंडुरोगाला आळा बसतो. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो आणि गोळी सोडल्यानंतरही अनेक वर्षे तो कमी राहतो. उलट बाजूला, गोळी चालू असेतोवर स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो आणि ती थांबवल्यावर हळूहळू पूर्ववत होतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि बाईला दोन्ही सांगायला हव्यात.

पाळी पुढे ढकलायची असेल तर

गौरी-गणपती, घरचे लग्न, देवदर्शनाची सहल आली की औषधाच्या दुकानात ‘पाळी पुढे जायच्या गोळ्या’ मागितल्या जातात. त्या असतात नॉरएथिस्टेरॉनच्या. या गोळ्या अशा घेतल्याने गर्भनिरोध होतो असे धरून चालू नये. गुठळ्यांचा धोका असलेल्या बाईने तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. जी बाई आधीपासून संयुक्त गोळी घेते तिला दुसऱ्या औषधाची गरजच नाही. लोहाच्या गोळ्या सोडून थेट नव्या पाकिटातली औषधाची गोळी सुरू करायची, पाळी पुढे जाते आणि संरक्षणही चालू राहते. त्या सात दिवसांची विश्रांती शरीराला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही.

पाकिटातला कागद

ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी सिद्ध केलेल्या पहिल्या गोळीची मोठी चाचणी 1956 मध्ये प्वेर्तो रिकोतल्या गरीब वस्तीत झाली. आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्या बायकांना सांगितलेले नव्हते. तिथले काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले की 17 टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत आहेत आणि हे त्रास सरसकट वापरासाठी फार जास्त आहेत. त्यांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले. 1960 मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली, ती आजच्या गोळीच्या मानाने कितीतरी मोठ्या मात्रेची होती. 1970 मध्ये अमेरिकी सिनेटपुढे गोळीच्या धोक्यांची सुनावणी झाली, तेव्हा श्रोत्यांतल्या तरुण बायकांनी उठून विचारले की गोळी घेणाऱ्या एकाही बाईची साक्ष का नाही? त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद घालणे तिथे बंधनकारक झाले. पुढे मात्राही कमी होत गेली.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 1921 मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. बाईला स्वतःच्या शरीराची माहिती मिळाली पाहिजे, या आग्रहापायी त्यांची नोकरी गेली, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. ते 1953 मध्ये गेले, त्यामुळे गोळी त्यांना पाहायला मिळाली नाही. ती आल्यावरही आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा भर नसबंदीच्या ऑपरेशनवरच राहिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे 38 टक्के ऑपरेशन केलेल्या आणि जेमतेम 5 टक्के गोळी घेणाऱ्या. महाराष्ट्रात ऑपरेशनचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. लग्न, लगेच मूल, दुसरे मूल आणि ऑपरेशन, या क्रमात दोन मुलांमधले अंतर स्वतः ठरवण्याची संधीच अनेकींना मिळत नाही.

ती संधी या गोळीने मिळते, पण पाकिटासोबत हिशेबही दिला तरच. पाकीट हातात ठेवणाऱ्या प्रत्येकाने, मग ती आशाताई असो, डॉक्टर असो की दुकानदार, बाईचा रक्तदाब मोजला आहे का, ती इतर कोणती औषधे घेते आणि पुढचे पाकीट कुठून आणणार आहे, हे विचारावे. दोन गोळ्या राहिल्या तर काय करायचे, हे तिच्याकडून एकदा वदवून घ्यावे. तिने ते बरोबर सांगितले की मगच गोळी नीट दिली असे म्हणावे.